रुग्णालयांच्या संकेतस्थळांवरून जाहिरात कंपन्यांचे पिक्सेल हटवा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, तेव्हापासून बँकांना, समाजमाध्यमांना आणि ऑनलाइन दुकानांना काय काय बदलावे लागणार याची चर्चा वृत्तपत्रांतून सुरू आहे. रुग्णालयांचा उल्लेख त्या चर्चेत येतो तो बहुधा सायबर हल्ल्यांपुरता, म्हणजे बाहेरच्या कोणी रुग्णांच्या नोंदी पळवल्या तर जबाबदारी कोणाची, एवढ्यापुरता. मला ज्या प्रकाराकडे लक्ष वेधायचे आहे त्यात घुसखोर कोणी नसतोच. रुग्णालय आपल्याच संकेतस्थळावर आपल्याच हाताने जाहिरात कंपनीचा 'पिक्सेल' नावाचा एक छोटा प्रोग्राम बसवते आणि रुग्णाने कोणता आजार शोधला, कोणत्या डॉक्टरांचे पान उघडले, कोणत्या विभागाची वेळ घेतली, हे तो प्रोग्राम त्या कंपनीला कळवत राहतो. अमेरिकेत या प्रकारावरून २०२२ पासून सरकारी कारवाया आणि कोर्टकज्जे यांची रीघ लागली आहे. तेथे जे घडले ते आपल्या रुग्णालयांनी, डॉक्टरांच्या संघटनांनी आणि रुग्णांनीही नीट समजून घ्यावे, आणि आपल्याकडचा कायदा पूर्णपणे लागू होण्याची वाट न पाहता असे प्रोग्राम रुग्णालयांनी काढून टाकावेत, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी पुण्यात अमेरिकी रुग्णालयांच्या बिलांचे आणि मेडिकल कोडिंगचे काम करणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते. पुण्या-मुंबईतली कितीतरी मराठी मुलेमुली हे काम करतात आणि त्यांना तिथली शिस्त ठाऊक आहे. कामाच्या मजल्यावर मोबाईल नेता येत नाही, कागद-पेन जवळ ठेवता येत नाही, जागेवरून उठायचे तर आधी संगणकाचा पडदा बंद करावा लागतो, आणि 'हिपा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९९६ च्या अमेरिकी कायद्याचे प्रशिक्षण पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. सातासमुद्रापलीकडच्या, कधीही न भेटणाऱ्या माणसाचे दुखणे आपल्याकडून बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही इतकी काळजी घेतो आणि ती घेतलीच पाहिजे, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच त्याच देशातल्या नामवंत रुग्णालयांची संकेतस्थळे त्याच प्रकारची माहिती फेसबुककडे पाठवत होती हे वाचले, तेव्हा मी या विषयाच्या मागे लागले.

१६ जून २०२२ रोजी 'द मार्कअप' या अमेरिकी शोधपत्रकारिता संस्थेने आपली पाहणी प्रसिद्ध केली. 'न्यूजवीक' साप्ताहिकाच्या यादीतील अमेरिकेतल्या पहिल्या १०० रुग्णालयांची संकेतस्थळे तिने तपासली होती आणि त्यांपैकी ३३ संकेतस्थळांवर फेसबुकच्या मालक कंपनीचा 'मेटा पिक्सेल' बसवलेला आढळला. रुग्णाने अपॉइंटमेंटचे बटण दाबताच त्याची खबर फेसबुकला जात होती. ओहायो राज्यातील क्लीव्हलँडच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटल्सच्या संकेतस्थळावर एका डॉक्टरांच्या पानावरील असे बटण दाबल्यावर बटणावरचा मजकूर, डॉक्टरांचे नाव आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी वापरलेले 'गर्भपात' अशा अर्थाचे शोधशब्द फेसबुकला गेले. विस्कॉन्सिनमधील फ्रोडटर्ट रुग्णालयाच्या संकेतस्थळावर यादीतून निवडलेला आजार गेला, आणि तो होता अल्झायमर. याहून गंभीर बाब अशी की सात आरोग्यसंस्थांमध्ये हा पिक्सेल रुग्णाने पासवर्ड टाकून उघडायच्या खासगी दालनातही सापडला. तेथून औषधांची नावे, अ‍ॅलर्जीचे वर्णन आणि पुढच्या भेटींचे तपशील बाहेर जात होते. ही पाहणी प्रसिद्ध झाल्यानंतर आठच दिवसांनी, २४ जून २०२२ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. ज्या राज्यांत त्यानंतर गर्भपात गुन्हा ठरला, तेथे एखाद्या स्त्रीने रुग्णालयाच्या संकेतस्थळावर काय शोधले याची नोंद तिऱ्हाईत कंपनीकडे असणे किती घातक आहे, हे कोणाला समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

हे प्रकरण शंभर रुग्णालयांपुरते नव्हते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये 'हेल्थ अफेअर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील ३,७४७ रुग्णालयांची मुखपृष्ठे तपासली होती, आणि त्यांतील ९८.६ टक्के पृष्ठे भेट देणाऱ्याची काही ना काही माहिती तिसऱ्या पक्षाला पाठवत होती. म्हणजे हा प्रकार काही मोजक्या बेफिकीर रुग्णालयांचा नसून साऱ्या क्षेत्राची रीतच होऊन बसला होता.

पिक्सेल म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगते, कारण 'आम्ही रुग्णाचे नाव कोणालाच देत नाही' हे उत्तर ऐकल्यावर पुष्कळांचे समाधान होते आणि ते होऊ नये. पूर्वी हे काम पानावर ठेवलेल्या एका ठिपक्याएवढ्या पारदर्शक चित्राकडून होत असे, त्यावरून हे नाव पडले; आता तो जावास्क्रिप्टचा काही ओळींचा मजकूर असतो. पान उघडले की रुग्णाचा ब्राउझर तो मजकूर चालवतो आणि रुग्णालयाच्या सर्व्हरला कळण्याचीही गरज न पडता थेट जाहिरात कंपनीच्या सर्व्हरला निरोप धाडतो. त्या निरोपात पानाचा संपूर्ण पत्ता असतो, आणि पत्त्यातच अनेकदा 'मानसोपचार' किंवा 'वंध्यत्व उपचार' असा विभाग लिहिलेला असतो. सोबत आयपी पत्ता, फोनचा किंवा संगणकाचा प्रकार, दाबलेल्या बटणावरचा मजकूर आणि कुकीमधील, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदीतील, ओळखक्रमांक जातो. त्याच ब्राउझरमध्ये फेसबुकचे खाते उघडलेले असेल तर ही भेट कोणाची हे फेसबुकला त्या कुकीवरून जुळवता येते. नाव पाठवायची गरजच नसते. काही ठिकाणी याच्याही पुढची सोय चालू केलेली असते. अर्जात भरलेला ईमेल किंवा मोबाईल क्रमांक गणिती प्रक्रियेने एका लांबलचक सांकेतिक अक्षरमालेत बदलून पाठवला जातो. ही माहिती निनावी झाली असे रुग्णालयाला सांगितले जाते, परंतु जाहिरात कंपनीकडे आपल्या सर्व वापरकर्त्यांचे क्रमांक असतात, तीही त्यांच्यावर तीच प्रक्रिया करते आणि दोन अक्षरमाला जुळल्या की माणूस सापडतो. शंभर खाटांच्या रुग्णालयात केस पेपर काढण्याच्या खिडकीशी जाहिरात कंपनीचा माणूस वही घेऊन बसवला तर रुग्ण क्षणभरही ते खपवून घेणार नाहीत. पिक्सेल नेमके तेच करतो, फक्त तो दिसत नाही.

मग हा बसवतो कोण? माझ्या मते साऱ्या प्रकरणाचे मूळ या प्रश्नात आहे. रुग्णाचा कागद कोणाला दाखवायचा हे वैद्यकीय अधीक्षक ठरवतात, नोंदी किती वर्षे ठेवायच्या हे अभिलेख विभाग पाहतो, पण संकेतस्थळावर कोणते टॅग, म्हणजे पिक्सेलसारखे छोटे प्रोग्राम, बसवायचे हे जाहिरात विभाग किंवा बाहेरची मार्केटिंग एजन्सी ठरवते. 'गुगल टॅग मॅनेजर'सारखे साधन एकदा बसले की त्यानंतर नवा टॅग टाकण्यासाठी प्रोग्रामर लागत नाही आणि कोणाची सहीही लागत नाही. ऑनलाइन समुपदेशन करणाऱ्या 'बेटरहेल्प' या कंपनीवरील तक्रारीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नोंदवले आहे की वापरकर्त्यांची कोणती माहिती फेसबुकवर चढवायची याचे सर्वाधिकार एका नवख्या कर्मचाऱ्याकडे होते. नुकताच महाविद्यालयातून बाहेर पडलेला आणि मार्केटिंगचा काहीही अनुभव नसलेला असा तो कर्मचारी होता. मनाच्या दुखण्यासाठी मदत मागायला आलेल्या माणसांचे ईमेल पत्ते अशा रीतीने जाहिरात कंपन्यांकडे गेले. त्या कर्मचाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यावर लक्ष ठेवणारे कोणी नव्हते, आणि ही गोष्ट डॉक्टरी गोपनीयतेच्या कक्षेत येते असे वरिष्ठांपैकी कोणाला वाटले नव्हते.

बेटरहेल्पला २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर मोजावे लागले. त्याच वर्षी औषधांवरील सवलतीची कुपने देणाऱ्या 'गुडआरएक्स'ला १५ लाख डॉलरचा दंड झाला, कारण कोणते औषध कोण घेते यानुसार वापरकर्त्यांच्या याद्या करून त्या फेसबुकवर चढवल्या गेल्या होत्या. मोठ्या रुग्णालयांची गोष्टही वेगळी नव्हती. उत्तर कॅरोलायनातील नोव्हांट हेल्थने ऑगस्ट २०२२ मध्ये १३ लाखांहून अधिक रुग्णांना, ॲडव्होकेट अरोरा हेल्थने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुमारे ३० लाख रुग्णांना आणि कैसर परमनंटेने एप्रिल २०२४ मध्ये तब्बल १ कोटी ३४ लाख सभासदांना, आपली माहिती अशा साधनांमधून बाहेर गेलेली असू शकते, असे कळवले. ॲडव्होकेट अरोराने सामूहिक दावा मिटवण्यासाठी १ कोटी २२ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. अमेरिकेत यातल्या अनेक संस्थांनी ही घटना सरकारकडे 'डेटा ब्रीच' म्हणून, म्हणजे माहितीला पाय फुटल्याची घटना म्हणून नोंदवली, याकडे आपल्याकडच्या रुग्णालयांच्या कायदेशीर सल्लागारांनी विशेष लक्ष द्यावे. हल्ला झाला नव्हता, कुलूप कोणी तोडले नव्हते, तरी ती गळतीच होती.

अमेरिकी न्यायालयांनी रुग्णालयांच्या बाजूचेही ऐकून घेतले आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये एक मार्गदर्शक पत्रक काढून असे सांगितले होते की लॉगिन न करता पाहता येणाऱ्या सार्वजनिक पानांवरही, आयपी पत्ता आणि एखाद्या आजाराच्या पानाला दिलेली भेट यांची सांगड घातली गेली, तर ती हिपाखालील संरक्षित माहिती ठरू शकते. अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशन याविरुद्ध न्यायालयात गेली. अल्झायमरचे पान उघडणारा माणूस स्वतः रुग्ण असेल, रुग्णाचा मुलगा असेल किंवा निबंध लिहिणारा विद्यार्थी असेल, तेव्हा नुसत्या भेटीवरून त्याच्या आरोग्याविषयी काही कळते असे म्हणता येत नाही, हा तिचा मुद्दा होता. सरकारी खात्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवरही अशी साधने आहेत, हेही तिने दाखवून दिले. टेक्सासमधील संघीय न्यायाधीश मार्क पिटमन यांनी २० जून २०२४ रोजी पत्रकातील तो भाग रद्द केला, आणि पुढे सरकारने अपील मागे घेतले. पासवर्डमागच्या दालनांविषयीचा भाग मात्र त्या निकालाने रद्द झाला नाही.

न्यायाधीशांचे तर्कशास्त्र मला समजते. हिपा हा कायदा फक्त ठरावीक संस्थांकडील ठरावीक माहितीला लागू आहे आणि सरकारी खात्याने पत्रक काढून त्याची व्याप्ती वाढवू नये, हे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने योग्य असेलही. पण कायदा कोठवर पोहोचतो यावर रुग्णाची अपेक्षा ठरत नाही. दीड महिना खोकला थांबत नाही म्हणून क्षयरोग विभागाचे पान उघडणारा माणूस, लॉगिन केले नाही म्हणून बाजारात फिरणारा गिऱ्हाईक होत नाही. तो त्या पानावर आला आहे तो रुग्णालयावरच्या विश्वासाने. शिवाय त्याच भेटीत त्याने पुढे 'अपॉइंटमेंट घ्या' हे बटण दाबले, तर निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा दाखला तेथे लागू पडत नाही.

हा प्रश्न अमेरिकेच्या खासगी आरोग्यव्यवस्थेतूनच उपजला असेही म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये, जेथे सरकारी आरोग्यसेवा आहे आणि रुग्ण ओढण्याची स्पर्धा तशी नाही, तेथे 'द ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्राने मे २०२३ मध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या २० ट्रस्टच्या, म्हणजे रुग्णालये चालवणाऱ्या संस्थांच्या, संकेतस्थळांवर हाच पिक्सेल शोधून काढला. स्वीडनच्या गोपनीयता प्राधिकरणाने २०२४ मध्ये 'अपोटेकेट' या सरकारी मालकीच्या औषधविक्री कंपनीला ३ कोटी ७० लाख क्रोनरचा आणि 'अपोहेम' या दुसऱ्या कंपनीला ८० लाख क्रोनरचा दंड केला, तोही मेटा पिक्सेलमुळेच. साधन एकच आहे, ते फुकट मिळते, आणि जगात कोठेही बसवले तरी त्याचे काम तेच असते.

आता आपल्याकडे वळते. घरातल्या एका ज्येष्ठ व्यक्तीसाठी शहरातील एका रुग्णालयाच्या संकेतस्थळावर वेळ घेताना मी ब्राउझरमधील तपासणीची चौकट उघडून पाहिली. विभाग निवडल्यावर त्या विभागाच्या नावासह पानाचा पत्ता एका जाहिरात कंपनीकडे जाताना मला दिसला. त्यासाठी माझी परवानगी मागितली गेली नव्हती. हे कोणालाही तपासता येते: संगणकावर एफ-१२ ही कळ दाबावी, 'नेटवर्क' हा भाग उघडावा, पान पुन्हा लोड करावे आणि रुग्णालयाखेरीज कोणकोणत्या पत्त्यांवर निरोप जात आहेत ते वाचावे. पत्रकारांनी ही तपासणी राज्यातील प्रमुख रुग्णालये, प्रयोगशाळांच्या साखळ्या आणि औषधविक्रीची ॲप यांच्यावर पद्धतशीरपणे करावी, अशी माझी आपल्या दैनिकाला आग्रहाची विनंती आहे. अमेरिकेत सारे काही अशाच एका पाहणीपासून सुरू झाले.

आपल्या समाजात अशा गळतीचे परिणाम अधिक बोचरे होतील, असे मला वाटते. अनेक घरांत एकच फोन चौघे वापरतात. मूल होत नाही म्हणून सुनेने रात्री एखाद्या केंद्राचे पान उघडले आणि दुसऱ्या दिवशी त्याच फोनवर सासूबाईंना वंध्यत्व उपचारांच्या जाहिराती दिसू लागल्या, तर ती बातमी कोणी सांगितली असे म्हणायचे? लग्न ठरण्याच्या वयातील मुलीने नैराश्यासाठी समुपदेशकाची वेळ घेतली, कामगाराने एचआयव्ही चाचणी कोठे होते ते शोधले, आणि फोन दुकानात मालकासमोर उघडला, तर काय होईल? अमेरिकेत माणूस निदान खटला भरतो. आपल्याकडे तो गप्प बसेल आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाणेच टाळेल, आणि गोपनीयता गेल्याने होणारे सर्वांत मोठे वैद्यकीय नुकसान हेच आहे.

कायद्याने आपण अगदी उघड्यावर आहोत असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. एचआयव्ही व एड्सविषयक २०१७ चा कायदा आणि त्याच वर्षीचा मानसिक आरोग्य कायदा यांत गोपनीयतेची स्वतंत्र कलमे आहेत. वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने आलेल्या कलमानुसार स्त्रीची ओळख उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाची २००२ ची नियमावली रुग्णाचे गुपित फोडण्यास मनाई करते, आणि रुग्ण ओढण्यासाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष आर्जव करणे, मग ते डॉक्टरने केलेले असो वा संस्थेने, अनैतिक ठरवते. ज्या व्यवसायाने स्वतःवर असे बंधन घालून घेतले आहे त्याच्या दारात जाहिरातीचे सर्वांत भेदक हत्यार बसवले जावे, ही विसंगती वैद्यक परिषदेने तरी गंभीरपणे विचारात घ्यायला हवी.

नव्या विदा संरक्षण कायद्यात या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी आहे. सहाव्या कलमानुसार संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट हेतूसाठी आणि त्या हेतूला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असावी लागते. हे स्पष्ट करण्यासाठी कायद्याने दिलेले उदाहरण आरोग्याचेच आहे: टेलिमेडिसिनच्या ॲपने उपचारासाठी आणि फोनमधील संपर्कयादीसाठी अशी दोन्ही परवानगी मागितली आणि रुग्णाने दोन्हींना होकार दिला, तरी संपर्कयादी उपचाराला आवश्यक नसल्यामुळे तो होकार उपचारापुरताच धरला जाईल. हाच न्याय पिक्सेलला लावला तर पानाच्या तळाशी 'सर्व कुकी स्वीकारा' असे बटण ठेवून रुग्णालयाची सुटका होणार नाही, कारण अपॉइंटमेंट देण्यासाठी जाहिरात कंपनीची काहीही आवश्यकता नसते. संमतीची विनंती आणि सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील भाषांत मिळण्याची सोयही या कायद्याने बंधनकारक केली आहे. १८ वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास कायदा मनाई करतो. रुग्णालयांना त्यात सूट आहे, पण ती मुलाच्या आरोग्याच्या रक्षणासाठी आवश्यक तेवढीच आहे. बालरोग विभागाच्या पानावरील जाहिरातीचा पिक्सेल त्या सुटीत बसणार नाही.

तरीही या कायद्यातल्या दोन गोष्टी मला अस्वस्थ करतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांत वैद्यकीय नोंदी 'संवेदनशील' या वेगळ्या वर्गात होत्या. नव्या कायद्यात असा वर्गच नाही. चपलेच्या मापाची माहिती आणि कर्करोगाच्या निदानाची माहिती त्याच्या लेखी एकाच प्रकारची आहे. दुसरी गोष्ट नुकसानभरपाईची. जुन्या कायद्याचे ४३-अ कलम ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मागू देत होते. नवा कायदा पूर्ण लागू झाल्यावर ते कलम जाईल, आणि २५० कोटी रुपयांपर्यंतचा जो दंड आहे तो भारताच्या संचित निधीत जमा होईल. ज्या स्त्रीचे गुपित फुटले तिच्या हाती त्यातून काहीही येणार नाही. संसदेत महाराष्ट्रातील जे खासदार वैद्यकीय पार्श्वभूमीचे आहेत त्यांनी हे दोन्ही मुद्दे दुरुस्तीसाठी मांडावेत.

रुग्णालयांच्या अडचणी मला मान्य आहेत. कोणते पान लोक वाचतात, कोठे अडतात, अपॉइंटमेंटचा अर्ज अर्धवट का सोडतात, हे कळल्याशिवाय संकेतस्थळ सुधारता येत नाही. पण ही मोजदाद आपल्याच सर्व्हरवर ठेवता येणारी 'मटोमो'सारखी साधने आहेत, आणि सर्व्हरच्या साध्या नोंदींवरूनही पुष्कळ कळते. त्यांत रुग्णाची भेट रुग्णालयाच्या बाहेर जात नाही. जाहिरात करायचीच असेल तर ती गावातल्या फलकावर जशी सर्वांसाठी असते तशी सर्वांसाठी करता येते. कोणता माणूस आजारी आहे हे आधी जाहिरात कंपनीला सांगण्याची त्यासाठी गरज नाही. त्यामुळे काही रुग्ण कमी येतील, असे एखाद्या व्यवस्थापकाला वाटेल. तो तोटा रुग्णालयाने सोसावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

राज्य सरकारलाही यात करण्यासारखे आहे, आणि त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे आणि गोपनीयता हा त्यातला एक हक्क आहे. नोंदणीच्या नूतनीकरणावेळी महापालिकेचा आरोग्य विभाग किंवा जिल्हा शल्यचिकित्सक अग्निशमनाचा आणि जैववैद्यकीय कचऱ्याचा दाखला पाहतात. त्याच वेळी आपल्या संकेतस्थळावर आणि ॲपवर कोणाकोणाचे टॅग आहेत याचे लेखी निवेदन वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीने त्यांनी मागावे. ही सही वैद्यकीय अधीक्षकांचीच असावी, एजन्सीची चालणार नाही. आपल्या नावावर काय चालले आहे हे एकदा त्यांना वाचावे लागले की निम्मे टॅग त्याच आठवड्यात निघतील, अशी माझी खात्री आहे. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांनी सुरुवात स्वतःपासून करावी.

कायद्यातील मुख्य तरतुदी मे २०२७ मध्ये लागू होतील. त्यानंतर अकराव्या कलमाने, आपली माहिती कोणकोणाला दिली गेली त्यांची नावे मागण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला मिळेल. रुग्णालयाला हा प्रश्न आजही विचारता येतो. 'आपल्या संकेतस्थळावर आणि ॲपवर मेटा, गुगल वा अन्य कंपनीचे कोणते टॅग आहेत, ते अपॉइंटमेंटच्या, शोधाच्या आणि रिपोर्टच्या पानांवर चालतात का, आणि आतापर्यंत त्यांना काय पाठवले गेले?' असे तीन ओळींचे पत्र व्यवस्थापनाला द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. मी ते दिले आहे; उत्तर आल्यास आपल्याकडे पाठवीन.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे